समोर मय्यत नसताना

मैमुनाबी बाणकोटला वारल्या त्याला सव्वीस दिवस झाले, तेव्हा ते पत्र आगबोटीने दुबईला पोचलं. लिहिलं होतं त्यांच्या मुलीने, सायराने. वाचलं त्यांच्याच गावच्या तय्यबचाचांनी, कारण मुलगा याकूब याला वाचता येत नव्हतं. याकूबने शेवटपर्यंत ऐकलं, पत्राची घडी बनियनमध्ये सारली आणि मला विचारलं, "लाँच कधी लागणार?"

"असरच्या नमाजेआधी," मी म्हटलं.

साल त्रेसष्ट. देराच्या खाडीवर एका वखारीत उतरणाऱ्या गोणी मोजायच्या, ही माझी नोकरी. मोजायची खोड माणसांपर्यंत गेलेली. याकूबचे दोन दिवस मी मोजले: जेवण नेहमीचं, झोप नेहमीची, वाहिलेल्या गोणी नेहमीपेक्षा चार जास्त, रडणं शून्य. तिसऱ्या दिवशी तो चाचांना म्हणाला, "आईची नमाज पढायची. खांदा दिला नाही, माती दिली नाही. एवढंच राहिलंय."

जनाज्याची नमाज मय्यत समोर ठेवून पढतात. पण कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे. दूर कुठे मेलेल्या माणसाची नमाजही त्यांच्यात चालते. इथल्या मशिदीचे इमाम मालिकी, त्यांच्यात चालत नाही. चाचांची अरबी खजुराचा भाव करण्यापुरती, तीच घेऊन दोघं गेले. मीही चपला सांभाळायला गेलो.

"मय्यत कुठे आहे?" इमामांनी विचारलं.

याकूबने समुद्राकडे बोट केलं.

इमामांनी त्या दिशेने पाहिलं. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, दुआ कर, दुआ पोचते. नमाज नाही.

वखारीच्या दारात हमदुल्ला चौकीदार बसला होता. पेशावरकडचा पठाण, हनफी. त्याच्या पंथातही हे बसत नाही, आणि पंथाच्या बाबतीत तो कुलपापेक्षा घट्ट. "क्या बोला इमाम? मैं भी वही बोलता था. मुर्दा उधर, नमाज इधर. पार्सल है क्या?"

"हबशाचा राजा नजाशी तिकडे मेला," चाचा म्हणाले. "नबींनी मदिन्यात नमाज पढली त्याची. तेव्हा कुठे होता मुर्दा?"

"वो नबी थे. तुम कौन हो? तय्यब, बाणकोटवाला."

"बाणकोटवाला आहे म्हणूनच पढणार. तू बस तुझ्या स्टुलावर, हबीबी."

तेराशे वर्षांपूर्वीचा इथिओपियाचा एक ख्रिस्ती राजा, त्याने पळून आलेल्या मुसलमानांना आसरा दिला होता. त्याच्या मरणावरून आज एक पठाण स्टुलावर आणि एक कोकणी गोणीवर बसून भांडत होते. आम्हा हिंदूंत देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून जाळतात. तेही सांगावंसं वाटलं, पण दोघं मिळून माझ्यावर उलटले असते.

जुम्याच्या दुपारी वखारीमागच्या वाळूत चटया पडल्या. पुढे चाचा, मागे याकूब आणि कोकणातलेच दोन हमाल, हनीफ, यूनुस. एकूण चार. मी भिंतीशी. हमदुल्ला स्टूल उचलून पाठ करून बसला.

या नमाजेत वाकायचं नसतं, कपाळ टेकायचं नसतं. उभ्याने चार तकबिरी, मधे दुआ, शेवटी मान फिरवून सलाम. चाचांनी पहिली तकबीर दिली. मग दुसरी, "अल्लाहु अकबर." आणि याकूब वाकला. रोज पाच वेळा त्या शब्दांवर वाकणारं शरीर, ते त्याला न विचारता वाकलं, खाली गेलं, कपाळ वाळूला टेकलं. बाजूचे दोघं ताठ उभे. तिसरी तकबीर झाली, चौथी झाली. याकूब खालीच. चाचांनी सलाम फिरवला तेव्हा तो उठून बसला आणि सगळ्यांच्या पायांकडे बघू लागला.

"माझी झाली नाही," तो म्हणाला.

"भुलून झालं रे. अल्लाह माफ करणारा."

"तुमची झाली. माझी नाही झाली." आवाजात काही नव्हतं. गोण कमी भरली तर असंच सांगायचा.

"मग पुन्हा पढ. एकट्याने चालते आपल्यात."

तेवढ्यात लाँचचा भोंगा वाजला. मुकादम यल्ला यल्ला करत आला. याकूब चटईवर उभा राहिला, कानांपर्यंत हात नेले आणि बांधले. मुकादम त्याच्या नावाने ओरडला. हमदुल्लाने स्टुलावरून उठून त्याला अडवलं.

"नमाज में है."

"कोणती नमाज या वेळी?"

ती जनाज्याची नमाज आहे असं तोंडाने म्हणणं हमदुल्लाच्या पंथात बसत नव्हतं. "खलास, जाओ," तो म्हणाला आणि काठी भिंतीला लावून लाँचकडे चालू लागला.

त्या दिवशी याकूबच्या वाट्याला तीस गोणी होत्या. हनीफने सात नेल्या, यूनुसने सात, चौकीदाराने सोळा. वहीत मी तीसही याकूबच्या नावावर लिहिल्या. शेवटची गोण आत आली तेव्हा मागे जाऊन पाहिलं. चार तकबिरींना लागतात दोन मिनिटं. तो अजून हात बांधून उभा होता, चटईच्या त्याच कडेवर, आणि कितवी चालू आहे ते मला बाहेरून कळेना.