चोवीस लाखांच्या खाली

वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा भांडण झालं नाही. सुट्टीचा दिवस होता. जेवणं झाली होती. नवरा ताटं विसळता विसळता म्हणाला, "आपण हे नुसतं ओढत नेतोय ना?" ओटा पुसत तिने "हो" म्हटलं. एवढंच. रडू येईल म्हणून ती थोडा वेळ थांबली, पण आलं नाही. मग तिने फडकं पिळून वाळत घातलं.

ती इस्पितळात एक्स-रे काढायची, तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. मूलबाळ नव्हतं. अडकलेलं होतं ते घर. दोन खोल्या, दोघांच्या नावावर, वीस वर्षांचं कर्ज आणि त्यातली सहा वर्षं सरलेली.

बँकेतल्या कर्ज विभागाच्या बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. अजून चौतीस लाखांच्या वर बाकी होती.

"सहा वर्षं भरतोय आम्ही," नवरा म्हणाला.

"भरताय, पण सुरुवातीला हप्त्यातले बारा आणे व्याजातच जातात. मुद्दल आत्ता कुठे हलायला लागलंय. घर विकलंत तर कर्ज फिटेल, हातात मात्र फारसं काही पडणार नाही."

"आणि एकाच्याच नावावर करायचं असेल तर?"

बाईंनी दोघांच्या पगाराचे कागद चाळले. त्याचं काम ठेकेदाराकडचं, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या नावावर बँक कर्ज ठेवायला तयार नव्हती. तिची नोकरी पक्की होती. "मॅडमच्या पगारावर चोवीस लाख बसतील. त्याच्या खाली आणा, मग या."

म्हणजे दहा लाख आधी उतरवायचे. नुसत्या हप्त्यांनी ते व्हायला सहा-सात वर्षं लागली असती. जादा भरायचं, असं दोघांनी परतीच्या रस्त्यावरच ठरवलं. घर तिला, गाडी त्याला, आणि त्याचा उरलेला वाटा तिने पुढे सावकाश द्यायचा. तोवर एकाच घरात राहायचं. त्याने खाट बाहेरच्या खोलीत टाकली.

"एका घरात राहता, एकाच कुकरचा भात खाता, मग वेगळे कसले गं?" तिची आई फोनवर म्हणाली.

"कर्ज उतरलं की होऊ, आई."

"लोक एकत्र राहायला कर्ज फेडतात. तुमचं आपलं भलतंच."

तिने जादा पाळ्या घेतल्या. दिवसभर माणसं उभी करायची आणि म्हणायचं, "श्वास धरा. हलू नका. सोडा." तो रात्रपाळीच्या तक्रारींवर जायला लागला. बाहेरचं खाणं बंद झालं, नवे कपडे बंद झाले. महिन्याच्या सुरुवातीला दोघं जेवायच्या टेबलाशी बसून फोनवर बाकी बघायची. एरवी त्यांचं बोलणं गॅस संपला, पाणी आलं, एवढंच होतं.

तीन महिन्यांनी तिच्या लक्षात आलं, की मुद्दल पूर्वीच्याच चालीने उतरतंय. जादा पैसे गेले कुठे? दोघं शाखेत गेली.

काउंटरवरच्या कारकुनाने खातं उघडून पाहिलं. "तुम्ही अर्ज दिला नव्हता. तसं सांगितलं नाही, तर जादा रक्कम पुढच्या हप्त्यासाठी आगाऊ म्हणून बाजूला राहते. मुद्दलातून वजा होत नाही."

"म्हणजे तीन महिने आमचे पैसे नुसते बसून होते?" नवरा म्हणाला.

"तसंच समजा." त्याने अर्ज पुढे सरकवला. "आता मुद्दलात घालतो. हप्ता कमी करायचा की मुदत?"

"मुदत," दोघं एकदमच म्हणाली.

कारकून हसला. "छान जमतं हो तुमचं."

त्या रात्री नवऱ्याने तिला कागदावर मांडून दाखवलं. आज जादा भरलेले दहा हजार उद्यापासून व्याजातून सुटतात. चौदा वर्षांचं त्यांचं व्याज वाचलं, की शेवटचा छत्तीस हजारांचा हप्ता जवळजवळ अख्खा गळून पडतो. "जेवढं लवकर भरू, तेवढं शेवटाकडून जास्त कापलं जातं," तो म्हणाला. त्याला ते आवडलं होतं. तिला समजलं. समजल्यावर आनंद व्हायला हवा, असं तिला वाटलं, म्हणून ती म्हणाली, "चांगलं आहे."

दुसऱ्या वर्षी लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना तो पडला. ठेकेदाराच्या माणसाने त्याला जवळच्या, म्हणजे तिच्याच इस्पितळात आणलं. ती पाळीवर होती. मनगट सुजलं होतं, चेहरा पांढराफटक. तिने त्याचा हात धरून एक्स-रेच्या पाटीवर ठेवला, बोटं सरळ केली.

"हात सैल सोडा. हलू नका."

त्याने तिच्याकडे पाहिलं. आपण त्याला अहो-जाहो केलं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तो हलला नाही.

पडद्यावर हाडाची बारीक चीर दिसली. सहा आठवडे प्लास्टर. म्हणजे सहा आठवडे त्याची कमाई नाही, आणि चोवीस लाख तेवढेच लांब. पहिला विचार हाच आला. आपल्याला वाईट कसं वाटत नाही, हे तिने त्या चिरेकडे बघत बघत शोधलं, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

प्लास्टर होतं तोवर ती त्याला भात कालवून द्यायची. तो डाव्या हाताने चमच्याने खायचा. एकदा तो म्हणाला, "तू थकलीस खूप." ती म्हणाली, "तूही." मग दोघांनी टीव्ही लावला.

आकडा खाली आला तो पुढच्या वर्षी, मध्यावर. तो पाहून कर्ज विभागाच्या बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "एवढ्या शिस्तीने फेडणारी जोडपी कमी बघते मी," असं म्हणून त्या ओशाळल्या आणि सह्यांच्या जागा दाखवू लागल्या. शेवटी त्यांनी तिला विचारलं, "मुदत आहे तीच ठेवू, की वाढवून हप्ता कमी करू?"

"हप्ता कमी करा."

नवऱ्याने मान वर केली. "व्याज जास्त जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली.

रविवारी मित्राचा टेम्पो आला. खाट, टीव्ही, हत्यारांची पेटी एवढंच त्याचं सामान. किल्ली देताना तो दारात घोटाळला. "मला वाटलं होतं, आज हलकं वाटेल. तुला?"

"मला काहीच वाटत नाहीये. बरेच दिवस झाले."

"मला वाटलं मलाच तसं होतंय." तो थोडा हसला. "आधी बोलायला हवं होतं आपण." तिने मान हलवली. जिन्यात त्याची पावलं बराच वेळ ऐकू आली, कारण त्यांच्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

नवा हप्ता आणि त्याच्या वाट्याचे पैसे जाऊनही आता थोडं शिल्लक राहायला लागलं. त्याचं काय करायचं, ते तिला सुचत नव्हतं. इस्पितळातल्या परिचारिका चार दिवस समुद्रावर निघाल्या होत्या. "येतेस का?" एकीने विचारलं. ती "बघते" म्हणाली. नाही म्हणायला कारण शोधलं, सापडलं नाही, म्हणून गेली.

तिथे तिने फारसं काही पाहिलं नाही. पहिल्या दिवशी दुपारी जेवून आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावरच उठली. मैत्रिणींनी दोनदा दार वाजवलं होतं म्हणे. उठल्यावर तिला सडकून भूक लागली होती.