बांगड्या घरपोच

"दुकान बंद कर हवं तर. पण बांगडी नुसती विकायची नसते निधी, भरायची असते," सासूबाई म्हणाल्या होत्या.

मी लेकीला, रियाला भरवता भरवता मोबाइलवर पेजसाठी नाव शोधत होते. "आई, मापाचा तक्ता टाकलाय. बायका बघून मागवतात आता," म्हणून मी विषय संपवला.

डहाणू स्टेशनजवळचं ते दुकान सासूबाईंनी उभं केलेलं. पण गिऱ्हाईक मोबाइलवर गेलं, भाडं निघेना. शटर ओढलं तेव्हा मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "योगिता आता कुठे येईल गं?"

योगिता झाईची, मोठ्या चिकूवाडीवाल्यांची सून. तिला एकटीला कुठे पाठवत नसत. पण सुनेचे हात ओकेबोके दिसले तर गाव नावं ठेवेल, म्हणून बांगड्या भरायला तेवढं सोडत. आणि तिची काच फार फुटायची.

सासूबाई तिच्या हाताला साबण लावायच्या, बोटं मिटवून हलकेच एकेक बांगडी चढवायच्या. मनगट काळंनिळं दिसलं की विचारायच्या, "आज कुठे धडपडलीस?"

"चिकूची फांदी लागली, मावशी."

"तुमच्या वाडीतली झाडं भारी मस्तवाल झालीत. छाटायला हवीत."

योगिता हसायची आणि हसता हसता डोळे पुसायची. सासूबाई मुद्दाम वेळ काढायच्या. "सोसवेनासं झालं ना, की इथून परत जायचं नाही. माझा मुलगा विपुल तुला वरोरला भावाच्या दारात सोडून येईल." ती दर वेळी म्हणायची, "थोडं थांबते, मावशी."

पेज सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत झाईहून ऑर्डर आली. हिरवी काच, माप सव्वादोन. मी नाचतच सांगितलं, "बघा आई, तुमची योगितासुद्धा ऑनलाइन आली!"

त्यांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिली. "नंबर तिचा नाही हा. जतीनचा आहे."

जतीन तिचा नवरा.

पुन्हा ऑर्डर आली, मग लगेच पुन्हा. एरवी मी खूश झाले असते. सासूबाई बॉक्सकडे बघत म्हणाल्या, "एवढी काच फुटते कशानं? चल, आपणच पोचवू."

रियाला शेजारी ठेवून आम्ही बसने झाईला गेलो. जतीनच्या आईने हसून दार उघडलं. "अय्या, तुम्ही कशाला आलात? कुरियरने आलं असतं की!"

"योगिताला बोलवा. भरूनच देते," सासूबाई म्हणाल्या.

"आता कसलं भरायचं? घरच्या घरी घालते ती. उगाच डहाणूपर्यंत हेलपाटे. फार चांगली सोय केलीत हं निधीबेन, सुनेला बाहेर पडायची गरजच उरली नाही."

मी हातातला बॉक्स मागे घेतला.

आतल्या दाराशी योगिता उभी होती, पदर मनगटांवर ओढून. कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मी बरी आहे, मावशी."

"दे गं हात," सासूबाईंनी हात पुढे केला.

योगिताने पदराखालून हात काढला. मनगटात एकही बांगडी नव्हती. तो हात सासूबाईंपर्यंत पोचायच्या आत मध्ये जतीनच्या आईचा पाण्याचा ट्रे आला. "घ्या ना, उन्हातून आलात." बॉक्स योगिताच्या सासूने घेतला आणि योगिता आत गेली.

आम्ही पोलिसांकडे गेलो. ते जाऊन आले. सगळ्यांसमोर ती त्यांनाही म्हणाली, मी बरी आहे. वरोरहून तिचा भाऊ भेटायला गेला तर ती झोपलीय म्हणून सांगितलं. जतीनच्या नंबराने आम्हाला ब्लॉक केलंय. ऑर्डरी बाकी चांगल्या येतात, पार सुरतेहून. सासूबाई बॉक्स भरतात. मध्येच रियाचा इवलासा हात धरून बसतात.

तुम्ही झाईकडचे असाल, हळदीकुंकवाला, पूजेला त्या घरात जात असाल, तर एवढं करा. योगिता कुठाय विचारा. तिला बाजूला घ्या. "बरी आहे" म्हणाली तर लगेच उठू नका. तिचा हात हातात घ्या आणि बघा.