दोन विहिणींची पायपीट

डॉक्टरांनी मला रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी रोज सकाळी पांढरे बूट चढवून रायपूरच्या तात्यापारा वस्तीतल्या घरून निघते, कोपऱ्यावर ई-रिक्षात बसते, बुढा तालाबपाशी उतरते आणि काठावरच्या बाकावर बसून मुंगोडी, म्हणजे मूगडाळीची गरम भजी, खाते. तासाभराने रिक्षानेच परत. चार घरं अलीकडे उतरायचं आणि जरा धापा टाकत आत शिरायचं. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण माझा मुलगा नील सगळीकडे सांगत सुटला, "मम्मी रोज पाँच किलोमीटर चलती है!"

सगळीकडे म्हणजे पुण्याच्या ईरालाही. नील चौतीस वर्षांचा, सिलतऱ्याच्या कारखान्यात इंजिनियर. याआधी दोन स्थळं 'रायपूर? बाई गं, एवढं लांब!' म्हणून मोडली. ईरा मात्र त्यानं स्वतः शोधलेली. तिचं नाव निघालं की पोट्टा जेवताना हसतो. पण ती म्हणाली, आई हो म्हणेल तरच. आणि आई, म्हणजे पद्मिनीबाई, दोन दिवस 'रायपूर पाहायला' आल्या. काय पाहायला आल्या ते न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही.

"गाडी छोड़ जाऊँ?" नीलनं ड्यूटीवर जाताना विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "अरे हाँ, आंटी तो रोज टेकडी चढती हैं. आप दोनों को तो पैदल ही मज़ा आएगा."

पद्मिनीबाई गोड हसल्या. मीही हसले. आलीया भोगासी असावे सादर.

आठला निघालो. आधी सदर बाजार, मग पुरानी बस्तीतलं महामायेचं देऊळ. "किती लांब आहे?" त्यांनी विचारलं.

"बस, पाच मिनिटं," मी म्हटलं. आता तीस वर्षं जी बाई स्कूटीवर फिरली, ती मिनिटं स्कूटीचीच सांगणार ना! पंचवीस मिनिटांनी देऊळ आलं. देवीपुढे मी डोळे मिटून बराच वेळ उभी राहिले. भक्ती होतीच, पण निम्मं पायांसाठी होतं. डोळे किलकिले करून पाहिलं तर पद्मिनीबाईंचेही मिटलेलेच. काय श्रद्धाळू बाई, मला वाटलं.

तिथून दूधाधारी मठ, तोही पाच मिनिटांवर. मग परत फिरून जयस्तंभ चौक, घडी चौक, आणि त्यापुढे म्युझियम. ऊन थंडीचं असलं तरी डोक्यावर आलं होतं. माझ्या टाचेला फोड आला, गुडघा कुरकुरायला लागला. बाजूनं रिकाम्या ई-रिक्षा जात होत्या, त्यातल्या दोघातिघांनी मला ओळखून वेगही कमी केला. मी मान फिरवली.

"दमलात का?" मी आशेनं विचारलं.

"छे हो! हे काय चालणं झालं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही?"

"मले तर काहीच नाही वाटून राहिलं."

म्युझियममध्ये एका भग्न मूर्तीसमोर बाक होता. तिथे आम्ही दोघी अर्धा तास त्या मूर्तीचं सौंदर्य न्याहाळत बसलो. पद्मिनीबाई मधूनच माझ्याकडे बघत आणि सुस्कारा सोडत. मनात आलं, नाही म्हणायचं ठरवलं असेल, कसं सांगावं याचा विचार चालला असेल.

चार वाजता पाय मला विचारेनासे झाले आणि सवयीनं बुढा तालाबकडे वळले. काठावर आलो मात्र, मुंगोडीवाली हिरौंदी लांबूनच ओरडली, "दीदी! आज सबेरे नइ आएव? तबियत बने हे न? आवव, तुंहर रोज वाला बेंच खाली हे!"

मी डोळ्यांनी खुणावलं. ती कुठली थांबतेय! "रोज आके घंटा भर बइठथे हमर दीदी," तिनं पद्मिनीबाईंना कौतुकानं सांगितलं. "रिक्सा वाला घलो इहें रुके रहिथे."

झालं! रोजचा तासभराचा बाक, थांबून राहणारा रिक्षावाला, सगळं बाहेर पडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मुलाचं लग्न माझ्या जिभेच्या चोचल्यांपायी मोडतंय, एवढंच डोक्यात होतं. मी त्या बाकावर बसले आणि सरळ सांगून टाकलं, "पद्मिनीताई, मी चालत नाही. तीन वर्षं झाली, घरच्यांना फसवून राहिले. पण माझा पोट्टा खोटा नाही हो. त्याले यात धरू नका."

पद्मिनीबाई खाली वाकल्या, बूट काढले, मोजे काढले. दोन्ही टाचा लाल. मग पाय लांब सोडून त्या एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"टेकडीच्या पायथ्याशी एक पोहेवाला आहे," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांत त्याच्या पुढे मी गेलेली नाही. ईराला वाटतं, आई वरपर्यंत जाते."

"मग सकाळपासून बोलला काहून नाहीत?"

"तुम्ही तरी कुठे बोललात? मुलाची आई उन्हात ताठ चालतेय, मी कशी बसू?" डोळे पुसत त्या जरा गंभीर झाल्या. "खरं सांगू? अंतराची भीती नव्हती मला. भीती तुमची होती. रोज पाच किलोमीटर चालणारी, न दमणारी सासू! माझी पोरगी माझ्यावर गेलीय, आळशी आणि खादाड. अशा घरात ती रोज कमीच पडणार, असं वाटत होतं. मघाशी नाहीच म्हणायचं ठरवलं होतं मी."

"आणि आता?"

त्यांनी हिरौंदीला हाक मारली. "दोन प्लेट. चटणी जास्त." मग पर्समधून फोन काढला आणि ईराला लावला. "हो म्हणाले गं मी," एवढंच म्हणाल्या. पलीकडून आनंदाचा असा चीत्कार आला की मलाही ऐकू आला.

मला रडू फुटलं, आणि तोंडात मुंगोडी असताना रडणं काही सोपं नाही. पद्मिनीबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तलावावर ऊन उतरत होतं. मीही बूट काढले आणि आम्ही दोघी अनवाणी बसून राहिलो.

निघताना रिक्षात चढण्याआधी त्या थांबल्या.

"सरोजिनीताई, एक मागू? नवीन गाव, इथे तिचं कुणी नाही. कधी आठवण येऊन कोपऱ्यात बसलेली दिसली तर तिला सकाळी फिरायला नेत जा."

"नेईन," मी म्हटलं. "रोज नेईन. पुरे पाच किलोमीटर."