अण्णांचे हातमोजे

दोन हजार सहा साली आशा नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात क्रेनच्या कॉम्प्युटरवर कामाला होती. त्या कॉम्प्युटरला हातवारे शिकवले होते तिच्या वडिलांनी. रंगनाथअण्णांची उभी नोकरी ओझरला विमानाच्या कारखान्यात, क्रेनवाल्याला खालून हाताच्या खुणा करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर इथल्या लोकांनी त्यांना बोलावून एका हातात लाल, एका हातात पिवळा मोजा घालायला लावला आणि कॅमेऱ्यापुढे उभं केलं. हात हलले की पडद्यावर दोन ठिपके हलायचे आणि क्रेन त्यांचं ऐकायची. काम सुरू करण्याआधी अण्णा टेबलाला हात लावून कपाळाला टेकवायचे. कॉम्प्युटर तेही शिकला.

अण्णा पौषात गेले. त्यांच्या जागी फकिरा आला. तो नमस्काराच्या भानगडीत पडत नसे. पण ठिपके आपले आधी टेबलाशी जात, मग कपाळाएवढे वर, आणि मगच क्रेन हले.

"ताई, माझ्यापेक्षा हेच संस्कारी निघालं," फकिरा म्हणाला होता.

मग एकदा त्याने 'थांब'ची खूण केली, तरी ओझं लटकलेला हूक त्याच्या डोक्यावरून पुढे सरकत राहिला. त्यानंतर तो हसला नाही. मॅनेजर यादवसाहेबांनी आशाला बोलावून सांगितलं, कॉम्प्युटरमधले अण्णांच्या हातांचे नमुने आजच पुसून टाका, नाहीतर कुणाचा तरी जीव जाईल.

जेवणाच्या सुट्टीत मेन स्विच पाडून, क्रेनची वीज बंद करून सगळे डबे घेऊन बाहेर गेले. आशा एकटीच बसून राहिली. घरी अण्णांचे फोटो होते. त्यांचं हलणारं असं या कॉम्प्युटरमधलं एवढंच उरलं होतं.

मोजे खिळ्याला टांगलेले होते. पडद्यावर दोन ठिपके उमटले.

टेबलाशी गेले. कपाळाशी गेले. तिने वळून पाहिलं. मोजे स्थिर होते. मग ठिपके पोटाशी येऊन एकमेकांना टेकले. काम संपलं, अशी ती खूण. दवाखान्यात घशात नळी असताना अण्णांनी शेवटी हीच खूण केली होती, आणि तिने ते जुळलेले हात सोडवून आपल्या हातात धरून ठेवले होते.

ठिपके तसेच थांबले, उत्तराची वाट पाहत असल्यासारखे.

"बरं, अण्णा," ती म्हणाली. तिने पोटाशी हात जुळवले, मग नमुने पुसले. पडदा रिकामा झाला.

मागे क्रेनची साखळी वाजली. कामाची पाळी संपली की कुणाच्या डोक्याला लागू नये म्हणून अण्णा हूक पार वर नेऊन ठेवायला लावायचे. आशाने मान वळवली. हूक सावकाश वर चालला होता.

मेन स्विच पाडलेलाच होता.