पायमशीनवरची स्पेलिंगं

शुक्रवार उजाडला की टाचणीचं पोट दुखायचं. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, रविवारी तर मुळीच नाही. शुक्रवारीच, आणि तेही बरोबर शाळेची वेळ झाली की. बरं, पोटाला वार कळतो म्हणावं, तर शुक्रवारी सुट्टी असली की तेच पोट गुण्यागोविंदाने वागायचं. दुसरीच्या वर्गात दर शुक्रवारी बाई दहा स्पेलिंगं घालत असत, एवढं लक्षात घेतलं की या आजाराला डॉक्टरची गरज नव्हती.

टाचणी हे तिचं कागदोपत्री नाव अर्थातच नव्हे. बाप टेलर, घराच्या पुढच्याच खोलीत दुकान, पोरगी अंगाने काडी आणि बोलायला टोचरी. मग दुसरं कुठलं नाव चिकटणार? तिचा अभ्यास आई घ्यायची. आई इस्पितळात नर्स. या महिन्यात आईला दुपारपाळी लागली आणि स्पेलिंगचं काम बापाच्या गळ्यात पडलं.

"मी?" टेलरची कात्री कापडातच थांबली. "अगं, मला कोटाचं माप विचार. स्पेलिंग मला जन्मात धड आलेलं नाही."

"मग आता दोघं मिळून शिका," आई डबा पिशवीत कोंबत म्हणाली. "आणि हे बघा, तिच्यावर ओरडायचं नाही."

ओरडतो कशाला तो! टेलरला त्या पोटदुखीची चांगली ओळख होती. लहानपणी बाईंनी वही मागितली की तो पेन्सिल पाडायचा आणि ती शोधायला बाकाखाली जायचा, तो तास संपल्यावरच वर यायचा. पुढे शाळा सुटली, पण भीती सुटली नाही. अजून पावतीवर चार शब्द लिहायचे झाले तरी तो गिऱ्हाइकाकडे पाठ करून लिहायचा. पोरीला दहातले चार शब्द आले काय आणि आठ आले काय, त्याला त्याचं काही नव्हतं. पण आपली ही भीती तिने घेऊ नये, एवढं त्याला मनापासून वाटत होतं.

पहिल्या संध्याकाळी त्याने शाळेसारखंच करून पाहिलं. टाचणीला स्टुलावर बसवलं, स्वतः समोर उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "लिही. बिकॉज." टाचणीने पाटीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. टेलरने लगेच हात टेकले.

"राहू दे, राहू दे. काकांची पँट द्यायचीय मला. तू इथे बस आणि नुसतं वाचत राहा."

काका म्हणजे समोरच्या घरातले, बँकेतून निवृत्त झालेले. पोट दर सहा महिन्यांनी पुढे सरकायचं आणि त्यामागोमाग पँटी टेलरकडे यायच्या. टेलर मशीनवर बसला. टाचणी चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून पुटपुटू लागली. कंबरपट्टीची जाड शिलाई होती, म्हणून तो मशीनचा पायाखालचा पायटा सावकाश दाबत होता. खट. "बी." खट. "ई." खट. "सी." दोन-चार वेळा झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की पोरगी त्याच्या पायाबरोबर अक्षरं म्हणतेय. त्याने मुद्दाम पाय थांबवला, तर तीही थांबली. त्याने दाबला, तर पुढचं अक्षर बाहेर पडलं.

मग काय विचारता! दोघांना खजिनाच सापडला. एका अक्षराला एक खट. टाचणी मशीनसमोर उभी राहून आपलाही पाय आपटायची. बुधवारपर्यंत 'बिकॉज' आणि 'फ्रेंड' तोंडपाठ झाले, गुरुवारी 'ब्युटिफुल'सुद्धा सरळ शिलाईसारखा निघाला. टेलरची छाती अशी फुगली की स्वतःच्याच शर्टाचं बटण तुटायची पाळी आली. काका ट्रायलला आले, तेव्हा त्यांना कमरेला टाचण्या लावलेल्या अवस्थेत दोन वेळा 'ब्युटिफुल' ऐकावं लागलं. हलले की टोचत होतं, म्हणून बिचारे टाळ्याही वाजवू शकले नाहीत.

शुक्रवारी पोट दुखलं नाही. टाचणी उड्या मारत शाळेत गेली.

दुपारी परत आली ती थेट कापड बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली. टेलर खाली वाकला. मग वाकून भागेना, म्हणून तोही टेबलाखाली शिरला.

"काय झालं, बाळा?"

"तिथे मशीन नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणून मी पाय आपटला. तर बाक हलला. शेजारचा म्हणाला, बाई, ही माझं अक्षर बिघडवतेय. बाई म्हणाल्या, पाय शांत ठेव. मग मला काहीच येईना, बाबा. एकसुद्धा." तिने नाक बाहीला पुसलं. "आता मी शुक्रवारी जाणारच नाही."

पोट दुखतंय असं ती म्हणाली असती, तरी टेलरला बरं वाटलं असतं. आता तिला निमित्तही नको होतं. आपण चांगलं करायला गेलो आणि पोरीला आणखी खोल खड्ड्यात लोटलं, या विचारात तो रात्री ताटातलं जेवण नुसतंच चिवडत राहिला. आई घरी आल्यावर सगळं ऐकून आधी हसली. म्हणाली, "मशीन दप्तरात घालून देणार होतात की काय?" मग नवऱ्याचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं आणि त्याच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली.

सकाळी काका पँट न्यायला आले. घालून, आरशासमोर वळून पाहिलं आणि खाली बोट दाखवलं. "काय हो, हा पांढरा दोरा हल्लीची फॅशन आहे का?"

टेलरने जीभ चावली. पँटच्या खालच्या काठाची, मोहरीची, पक्की शिलाई घातली होती, पण आधीचा कच्चा टाका तसाच राहिला होता. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो खाली बसला, पांढरा दोरा जागोजागी कापून हलक्या हाताने ओढू लागला, आणि ओढता ओढताच ओरडला, "टाचणे! इकडे ये!"

टाचणी आली. काका पाय फाकून उभेच.

"कच्चा टाका कशाला घालतात?"

"कापड हलू नये म्हणून," टाचणी म्हणाली. टेलरच्या पोरीला हे विचारायचं म्हणजे काय!

"आणि पक्की शिलाई झाली की?"

"काढून टाकतात."

"खस्सकन ओढून?"

"छे! चुण्या पडतात. थोडा थोडा तोडून."

"बघ. मशीनचा आवाज आपला कच्चा टाका होता. तुझा बाप काढायलाच विसरला!"

"मी जाऊ का आता?" काकांनी विचारलं.

त्या संध्याकाळी टेलरने मशीनच्या चाकावरचा पट्टा उतरवला. पायटा हलत होता, सुई मात्र गप्प. टाचणी दोनदा अडली, मग जमलं. पुढच्या दिवशी मशीन बंद आणि नुसते पाय जमिनीवर. मग पायही बंद, फक्त मुठीतला अंगठा हलवायचा. दरवेळी जरा घोटाळा व्हायचा. एकदा ती 'फ्रेंड'वर अडखळून रडकुंडीला आली, तेव्हा टेलरने नुकतीच उलटी जोडलेली एक बाही तिच्या समोरच उसवायला घेतली. रोज काही ना काही उसवतोच आपण, त्याचं कुणी रडत बसतं का, असं तो तिला म्हणाला. म्हणताना त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण अक्षरांच्या बाबतीत त्याने हे स्वतःला कधीच सांगितलं नव्हतं. गुरुवारी टाचणी पाय पोटाशी घेऊन, अंगठे काखेत दाबून बसली आणि तशीच दहाही स्पेलिंगं शेवटपर्यंत बोलली.

शुक्रवारी ती गेली. उड्या मारत नाही. बापाचं बोट घट्ट धरून गेली आणि फाटकाशी ते सोडताना एकदा मागे वळून पाहिलं.

टेलरचं कामात लक्ष कसलं लागतंय. काका दुसरी पँट घ्यायला आले, घालून पाहिली, खिशात हात घालू गेले, तर हात आत जाईना. खिसा शिवून बंद झाला होता.

"मास्तर, माझ्या पँटींनी तुमचं काय घोडं मारलंय?" काका वैतागून म्हणाले. इतक्यात रस्त्यावरूनच आरोळी आली.

"बाबा! तीन चुकले!"

टाचणी दारात उभी. वेणी सुटलेली, चेहऱ्यावर घाम, आणि हसू असं की जणू सगळ्या शाळेत पहिली आली आहे.

"तीन चुकले आणि हसतेस?" काकांनी विचारलं.

"सात आले ना! आणि बाबा, बाई म्हणाल्या, ज्यांचे चुकले, त्यांनी हात वर करा. तर कुणी करेचना. सगळे खाली बघत होते." तिने दप्तर टेबलावर टाकलं. "मग मी केला. सगळ्यांच्या आधी. बाईंनी ते तीन मला फळ्यावर लिहून दाखवले, मग बाकीच्यांनीपण हात वर केले."

बाकाखाली बसून काढलेले ते सगळे तास टेलरला आठवले, आणि ही एवढीशी पोर हात वर करून वर्गात ताठ बसलेली दिसली. त्याला इतका आनंद झाला की तो लपवावा कसा हे कळेना, आणि मग त्याने लपवलाच नाही. सरळ काकांच्या देखत डोळे पुसले.

"रडताय काय, मास्तर?" काकांचा आवाज उगीचच मऊ झाला. "बरं, तो खिसा उसवून द्या. आणि माझी मागची पावती लिहायची राहिलीय."

टेलरने पावतीपुस्तक घेतलं. सवयीने भिंतीकडे वळला, मग थबकला, आणि काकांकडे तोंड करून खुर्चीवर बसला.

"टाचणे," तो मोठ्याने म्हणाला, "ट्राउझरचं स्पेलिंग काय गं? मला येत नाही."