पावाच्या सुरीने कापलेली कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी रागावलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना बहुधा गळा काढतात. मला ते जमायचं नाही. ज्यांनी मला कधी पुरतं वाचलं नाही, त्यांनी इतकी वर्षं माझ्याबद्दल छातीठोक मतं दिली आहेत, की नुसतं आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझं नाव 'किनाऱ्यावरची टकटक'. माझ्यात एक गुन्हेगार आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या कोळीगावांतून तो दर हिवाळ्यात एक माणूस नाहीसा करतो. त्याच्या मागावर हेर्दिस नावाची पोलीस बाई आहे. तिला भिंतीतून टकटक ऐकू येते, आणि ती टकटक करणारी मुलगी केव्हाच मेलेली आहे. पहिल्या भागात हेर्दिसचं बालपण येतं. मधल्या भागात पाठलाग, आणि शेवटच्या भागात गुन्हेगार सापडतो, ती मुलगीही पहिल्यांदा डोळ्यांना दिसते.

माझ्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून ए. सोल्हाउग असं नाव छापलं होतं. असा कुणी माणूस नव्हताच. मला लिहिलं गुडवेगने. ती फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर बसायची आणि दोन बोटींच्या मधल्या रिकाम्या वेळात लिहायची. पेन्सिल कानामागे आणि कागद तिकिटांच्या खाली. घरात कुणालाही तिने पत्ता लागू दिला नाही.

त्याला कारण होतं. गुडवेगला उन्नी नावाची एक धाकटी बहीण होती. दोघींच्या खोल्यांमध्ये एक पातळ लाकडी भिंत होती. निजताना उन्नी दोनदा टकटक करायची, म्हणजे 'जागी आहेस का?' गुडवेग दोनदा उत्तर द्यायची, म्हणजे 'जागी आहे.' एका वसंतात नदीवरचा बर्फ उन्नीच्या पायाखाली फुटला. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. वडिलांनी नाही, आईने नाही, थोरल्या भावाने ओड्डवारनेही नाही. गुडवेगला भावाशी एकदा तरी उन्नीबद्दल बोलायचं होतं. तोंडाने जमेना, म्हणून तिने मला लिहिलं. भुताची गोष्ट, खुनाची गोष्ट, काय म्हणायचं ते म्हणा. मी त्या भावासाठी होते.

आता आमच्याकडची रीत अशी, की ईस्टरच्या सुट्टीत माणसं डोंगरातल्या लाकडी घरात जातात, पायांना लाकडी पट्ट्या बांधून दिवसभर बर्फावरून घसरतात, आणि मग उन्हाच्या भिंतीला पाठ टेकून संत्री सोलत खुनाच्या कादंबऱ्या वाचतात. येशूचं जे व्हायचं ते होवो, हातात एखादा खून हवाच. त्या वर्षी ओड्डवारने मला स्टेशनावरच्या दुकानातून उचललं. सख्ख्या बहिणीचं पुस्तक आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. डोंगरातल्या घरी त्याने मला पिशवीतून काढलं तेव्हा गुडवेगने मला लगेच ओळखलं. तिने मनाशी ठरवलं, आज शुक्रवार, त्याला वाचू दे, रविवारी जेवणाच्या टेबलावर सांगायचं.

पण त्याच दिवशी हिमवादळ सुटलं. बाहेर पडायची सोय नाही, आणि पुस्तकांची मोठी पिशवी ओड्डवारची बायको रांगफ्रिद घरीच विसरून आलेली. म्हणजे घरात माणसं चार आणि खून एकच! चौथा माणूस होता आयलिफ, रांगफ्रिदचा भाऊ. मला आधी कोण वाचणार यावर तिघांची अशी जुंपली की विचारू नका.

"मी विकत घेतलंय, मी आधी वाचणार," ओड्डवार म्हणाला.

"तुझं वाचून होईपर्यंत पुढचा ईस्टर उजाडेल! एका पानावर दोनदा घोरतोस तू," रांगफ्रिद म्हणाली.

"मला नुसता शेवट द्या. खुनी कोण ते कळलं की झालं. बाकीचं काय, भरताड असते," आयलिफ म्हणाला.

तेव्हा ओड्डवारने काय करावं? त्याने पाव कापायची सुरी घेतली आणि माझ्या पाठीवर उभी चालवली. एकदा आणि मग आणखी एकदा. एका पुस्तकाचे तीन भाग करून तीन माणसांना वाटले, आणि वर स्वतःच्या डोक्याचं कौतुक केलं! पहिला भाग ओड्डवारला, मधला रांगफ्रिदला, शेवटचा आयलिफला.

"आणि गुडवेगला?" रांगफ्रिदने विचारलं.

"तिला कुठे आवड आहे असल्या गोष्टींची? तिला पुठ्ठा द्या," ओड्डवार हसत म्हणाला.

सगळे हसले. गुडवेगने माझं मुखपृष्ठ हातात घेतलं, त्यावरचा पावाचा चुरा पुसला आणि ते आपल्या पिशवीत ठेवलं. मित्रांनो, जिने मला जन्म दिला तिच्या वाट्याला माझं कातडं आलं.

वाचून झालं की भाग बदलून घ्यायचे असं ठरलं होतं. कुणी बदलले नाहीत. शनिवारी वादळ निवळलं आणि सगळ्यांना घसरायला जायची घाई झाली. पण त्या संध्याकाळी मटणाच्या ताटावर मतं मात्र तिघांनी दिली, आणि तीही अशी, जणू माझा शब्द न् शब्द पाठ होता.

"फारच संथ," ओड्डवार म्हणाला. "पानंच्या पानं दोन पोरी भिंतीवर टकटक करतात. खुनाचा पत्ता नाही! आणि ती एक पोर म्हणे मेल्यावरसुद्धा टकटक करते. मेलेली माणसं टकटक करत नसतात."

"माझ्या भागात नुसती पळापळ," रांगफ्रिद म्हणाली. "कोण कुणाच्या मागे लागलंय आणि कशासाठी, काही कळत नाही. लेखकाला धड सुरुवात करता येत नाही."

सुरुवात तिच्या नवऱ्याच्या मांडीवर होती. ती तिने मागितली का? नाही!

"खुनी मी तिसऱ्या पानावर ओळखला," आयलिफ बटाटा चिरडत म्हणाला. "आणि शेवटी ती मुलगी दिसते, तेव्हा ती पोलीस बाई एवढी का रडते? लेखकाने काही सांगितलेलंच नाही."

सांगितलं होतं हो! पहिल्या भागात सांगितलं होतं, सगळं सांगितलं होतं. आणि शेवटच्या भागात असं काही होतं, की ते ओड्डवारच्या हाती पडतं तर त्याने एका वाक्यात मला ओळखलं असतं. पण तो भाग गेला आयलिफकडे, ज्याने उन्नीला कधी पाहिलंच नव्हतं. मी तीन जागी पडून ओरडत होते, पण पुस्तकाचा आवाज वाचल्याशिवाय ऐकू येत नाही. गुडवेगने खाली मान घालून जेवण संपवलं. रविवार आला आणि गेला, तिने तोंड उघडलं नाही.

पुढच्या वर्षी ती दुसरी कादंबरी घेऊन आली. छापलेली नव्हती, हाताने लिहिलेली. मला ठाऊक आहे, कारण माझा पहिला भाग तेव्हा खिडकीपाशी फळीवर होता आणि ती पिशवीतून कागद काढून पुन्हा पुन्हा चाळायची. भाऊ विचारेल, त्या लेखकाचं पुढे काय झालं, नवीन काही आलं का, एवढीच तिची आशा होती. विचारलं आयलिफने, पण कसं?

"तो भुताटकीवाला पुन्हा काही लिहीत नाहीसा दिसतो. सुटलो बाबा!"

ओड्डवार खो खो हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडवेग सगळ्यांच्या आधी उठली आणि तिने लोखंडी चुलीत ते कागद घातले. पेटवायला बर्चच्या झाडाच्या सालीसुद्धा लागल्या नाहीत. ओड्डवार हात चोळत खाली आला.

"वा! आज चूल काय झक्क पेटलीय! कसला कागद गं?"

"जुनाच," ती म्हणाली आणि कॉफी ठेवायला वळली.

त्यानंतर तिने कथा-कादंबरीची एक ओळ लिहिली नाही. फेरीबोटीची तिकिटं फाडत ती निवृत्त झाली. मी तीन तुकडे होऊन त्या घरात राहिले. पहिल्या भागावर मेणबत्त्या ठेवत. मधला भाग डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेला. आणि शेवटचा भाग, सांगायला लाज वाटते, अंगणातल्या लाकडी संडासात, भुशाच्या पेटीशेजारी. तिथे माझ्यावर कोणती वेळ येईल याचा नेम नव्हता. नशिबाने लोकांनी मागची जाहिरातींची पानंच वापरली.

पाहुणे येत, हाताला लागेल तो तुकडा वाचत आणि मत देत. एक शिक्षक टेबलाखालचा भाग वाचून म्हणाला, हिला आगापिछा नाही, म्हणजे ही नव्या धर्तीची कादंबरी असणार. एक बाई संडासातून बाहेर येऊन म्हणाली, फार उदास आहे. अहो, तिथे बसून कोण आनंदी होणार?

मग या ईस्टरला ओड्डवारची मुलगी तुवा घराची साफसफाई करायला आधी आली. ती बस चालवते, हाताने कामसू आहे आणि तोंडाने फटकळ. तिने टेबलाखालचा तुकडा ओढला, फळीवरच्या तुकड्याशी ताडून पाहिला, आणि मग काहीतरी आठवून थेट संडासात गेली. तिथला तुकडा तिने उन्हात वाळवला. तंबू शिवायचा दाभण आणि जाड दोरा घेऊन तिने मला पुन्हा एक केलं. टाके वाकडे पडले, पण कित्येक वर्षांनी माझं तिसरं प्रकरण माझ्या शेवटच्या प्रकरणाला भेटलं. तेव्हा मला काय वाटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि मी तर शब्दांचीच बनलेली आहे.

ओड्डवारची नजर आता अधू झालीय. तुवाने सगळ्यांना उन्हाच्या भिंतीशी घोंगड्यांत बसवलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"हे? अगं, हे भिकार आहे, आम्ही सगळ्यांनी वाचलंय," आयलिफ म्हणाला.

"मामा, तुम्ही तुकडा वाचलाय. संपेपर्यंत कुणी मत द्यायचं नाही. ज्याला राहवत नाही त्याने लाकडं फोडायला जावं."

दोन दुपारी वाचन चाललं. दोघी बहिणींच्या टकटकीपाशी ओड्डवार एकदाही 'संथ' म्हणाला नाही, नुसता घोंगडीची किनार चिमटीत धरून बसला. गुडवेग टोकाला बसून संत्रं सोलत होती. तिसऱ्या दुपारी तुवा शेवटच्या भागात आली आणि वाचू लागली:

"दाराशी ती मुलगी उभी होती. तिच्या हातांत लाल हातमोजे होते, पण एकाचा अंगठा हिरवा होता, कारण आईची लाल लोकर संपली होती. 'बेडूकअंगठा,' हेर्दिस म्हणाली, आणि ती मुलगी हसली."

"थांब," ओड्डवार म्हणाला. "पुन्हा वाच."

तुवाने पुन्हा वाचलं. ओड्डवारने चिमटीतली किनार सोडली.

"बेडूकअंगठा. हे मी चिडवायचो उन्नीला. आम्ही तीन भावंडं सोडून हा शब्द कुणाला माहीत नव्हता." तो हळूहळू बहिणीकडे वळला. "गुडवेग, हा सोल्हाउग कोण?"

"फेरीच्या तिकीटखिडकीवर बसायचा," गुडवेग म्हणाली. हातातलं संत्रं तिने खाली ठेवलं नाही.

"तू? मग तेव्हा का नाही बोललीस?"

"रविवारी बोलणार होते, दादा. शनिवारी तू म्हणालास, मेलेली माणसं टकटक करत नसतात."

रांगफ्रिदने तोंडाला पदरासारखी घोंगडी लावली. "अगं बाई! मग पुढे काहीच का नाही लिहिलंस?"

"लिहिलं होतं." तिचा आवाज आता चढला. माझ्या पानापानांत साठलेला राग अखेर तिच्या तोंडून बाहेर पडत होता. "एका सकाळी चूल झक्क पेटली होती, आठवतं का रे तुला?"

ओड्डवारला आठवलं. मी पाहिलं, त्याला नीट आठवलं.

"म्हणजे ते मी..."

"तू नाही. मीच पेटवली. तू नुसतं कौतुक केलंस."

 मग आयलिफ घसा खाकरून म्हणाला, "पण खुनी मी तिसऱ्या पानावर..."

"मामा, लाकडं!" तुवा ओरडली, आणि तो खरोखरच उठून लाकडं फोडायला गेला.

"वाच, तुवा," ओड्डवार म्हणाला. "शेवटच्या ओळीपर्यंत वाच."

तिने वाचलं. मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा संपले. इतकी वर्षं मी सुरूच होत होते किंवा अर्ध्यावर तुटत होते. कुणी मत दिलं नाही. गुडवेगने पिशवीतून माझं मुखपृष्ठ काढलं. दर ईस्टरला ती ते बरोबर आणत होती. तुवाने ते मला शिवलं.

म्हणून सांगते, मित्रांनो. मला वाईट म्हणा, मी ऐकून घेईन. माझा मधला भाग खरंच थोडा सैल आहे. पण आधी मला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि मग बोला. जिने लिहिलंय ती कदाचित तुमच्याच टेबलावर बसून तुम्हाला बटाटे वाढत असेल. माझी जळालेली धाकटी बहीण, ती दुसरी कादंबरी, कशी होती, तिच्यात कोण हसायचं, कोण सापडायचं, हे आता कुणालाच कळणार नाही. ती शेगडीभर ऊब देऊन गेली. त्याचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

त्या संध्याकाळी गुडवेग लवकर आपल्या खोलीत जाऊन पडली. मी तिच्या उशाशी होते. पलीकडची खोली ओड्डवारची. थोड्या वेळाने मधल्या लाकडी भिंतीवर टकटक झाली, अवघडलेली, जाडजूड बोटांची. दोनदा.

गुडवेग बराच वेळ रागाने छताकडे बघत राहिली. मग तिने हात वर केला आणि दोनदा टकटक केली.