अठरा हजार कूलोम

मुलाम्याच्या कारखान्यात नवं यंत्र आलं आणि तिथं काम करणाऱ्या सूनबाईची पंचाईत झाली. किटलीवर चांदी चढवायला जुन्या वहीत अठरा हजार कूलोम विद्युतभार लिहिला होता. यंत्र मात्र अँपिअर-तासांत मोजायचं. तिनं घरी सासूबाईंना फोन लावला. त्यांचा जन्म शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्यात गेला होता.

“अगं, एक अँपिअर सेकंदभर वाहिला की एक कूलोम. तासाचे सेकंद किती?”

“छत्तीसशे.”

“मग त्यानं भाग की!”

उत्तर पाच आलं. दुपारपर्यंत किटली लखलखीत झाली.

घरी येताच तिनं सासूबाईंचे हात धरले. “आई, आज लाज राखलीत माझी.”

सासूबाईंचे डोळे भरून आले. “भांडी विसळताना सगळं ऐकलेलं गं. पण आजवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. तू विचारलंस, फार बरं वाटलं बघ.”